सूपभर कोंडा

शाहूपुरी, कोल्हापूर
६ फेब्रुवारी २०००

अनुजा,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण आज माझा हात वळत नाही. शिव्या लिहायला वळतो. आमचा पोस्टमन सज्जन आहे, त्याच्या पिशवीत घाण नको म्हणून तेवढ्या गिळल्या.

काल तुमच्या वकिलाची नोटीस आली. हे दुकानात सरकीची पोती उतरवून घेत होते. उभ्याउभ्याच वाचली आणि पोत्यावर बसले. त्यात लिहिलंय की तुझ्या नवऱ्याच्या, हंबीररावांच्या, मुलीला शिवमूर्ती आणि त्यांची बायको चन्नम्मा यांनी बेकायदा अडकवून ठेवलंय. अडकवलेली मुलगी तेव्हा पेंडीच्या थप्पीवर चढून चिंचा खात होती आणि चिंचोके गिऱ्हाइकांच्या टोप्यांवर नेम धरून मारत होती. मी ओरडले तर म्हणाली, "अव्वा, एकच राहिलाय." जेलरला अव्वा, म्हणजे आई, म्हणणारी अशी आमची कैदी.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पुढं असंही लिहिलंय की मूल दिलं ती नुसती एक रीत होती, दत्तक वगैरे काही नव्हतं. वकिलाला काय माहीत? तो तिथं नव्हता. तू होतीस. विसरली असशील तर आठवण करून देते.

तुझे दोन मुलगे पाचवी पुजायच्या आत गेले. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, आणि तुझ्या सासूनं ठरवलं की या घरात पोर आहे हे सटवीला कळूच द्यायचं नाही. पोर सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, परक्या बाईनं उचलायचं आणि बदल्यात सूपभर कोंडा द्यायचा. टाकलेलं पोर, कोंड्याच्या मोलाचं, त्याच्यावर कोण नजर ठेवणार! तेव्हा आम्ही उचगावात तुमच्या भिंतीला भिंत लावून भाड्यानं राहत होतो. मला मूल नव्हतं, आणि दुकान तर आमचं पेंडी-कोंड्याचंच. तुझी सासू बनाबाई माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "चन्नाक्का, तूच उचल की. तुझ्याकडं काय न्हाईच, तुझ्यावर कुणाची नजर पडायची?" हे बोलणं मी गिळलं आणि तुझी पोरगी उचलली.

तू पाठ फिरवून उभी होतीस. देणाऱ्या आईनं मागं बघायचं नाही, अशी सासूची ताकीद. मी कोंड्याचं सूप तुझ्या पायांपाशी ठेवलं. बनाबाईंनी तो कोंडा मडक्यात भरला आणि पुढची रीत सांगितली. पोर पाच वर्षांचं झालं, धोका टळला, की हाच कोंडा परत करून पोर सोडवून न्यायचं. आणि कोंडा घरच्या जनावराला घातला, तर व्यवहार पुरा झाला, पोर घेणारीचं.

तुला ताप चढला होता आणि अंगावर दूध नव्हतं. "चार दिवस तुमच्याकडंच असू दे की," हंबीरराव स्वतःच्या तोंडानं सांगून गेले. चार दिवसांचे चार महिने झाले. बारसं माझ्या घरी झालं, नाव शांभवी ठेवलं. आमच्या स्वामींनी तिच्या गळ्यात लिंग बांधलं तेव्हा तुम्ही तिघंही पंगतीला होता, आणि बनाबाईंनी पोळीवर दोनदा तूप मागून घेतलं. पुढं तुला सम्राट झाला आणि जगला, मग तर काय विचारता. आम्ही बिऱ्हाड हलवलं त्या दिवशी शांभवी टेम्पोत सामानावर बसली होती. तुमच्या दारातून कुणी "कुठं चालला?" एवढंही विचारलं नाही. ती पाच वर्षांची झाली, सहाची झाली. कोंडा घेऊन कोणी आलं नाही.

दिवाळीत तुझा सम्राट तापानं गेला. तुझं डोकं मांडीवर घेऊन मीच बसले होते. तुझं ऑपरेशन झालंय, आता पुन्हा मूल व्हायचं नाही, असं बायका तुझ्या कानांदेखत बोलत होत्या, त्यांना मीच गप्प केलं. आणि बनाबाई कोपऱ्यात बसून माझ्या शांभवीकडं टक लावून बघत होत्या. मला वाटलं, म्हातारीला नातू आठवतोय. मी बावळट.

मुलगा होता तोवर मुलगी उकिरड्यावरची होती. मुलगा गेला आणि ती तुमच्या रक्ताची झाली. तुझ्या दुःखाला मी तेव्हाही खोटं म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. पण त्याच्यावर फुंकर घालायला माझी पोरगी मिळणार नाही. कोर्टात या.

चन्नम्मा

—

शाहूपुरी, कोल्हापूर
१५ मार्च २०००

अनुजा,

तुझा आहेर पोचला.

सोमवारी तुमच्या गल्लीतली धोंडुबाई शेणी विकून झाल्यावर पेंड न्यायला दुकानात आली. पदराची गाठ सोडून फडक्याची एक पुरचुंडी माझ्या हातात दिली. "अनुजानं दिलंय. म्हनली, चन्नाक्काच्याच हातात दे." उघडली तर मूठभर कोंडा. माझा जन्म कोंड्यात चाललाय, बाई. नवा कोंडा हाताला मऊ लागतो आणि गोडसर वासाचा असतो. हा काळपट, कुबट, जाळी धरलेला. म्हणजे मडकं अजून जपून ठेवलंय तर! आणि आता मूठमूठ परत करून पोर सोडवायला निघालीस. धोंडुबाई आणखी काहीतरी सांगत होती, मी तिला बोलूच दिलं नाही.

आणि काल, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, हंबीरराव जीप घेऊन शाळेत हजर. "आजी आजारी आहे, मुलीला न्यायला आलोय." बाईंनी विश्वास ठेवून पोरगी वर्गाबाहेर पाठवली. पण पोरगी माझी आहे. तिनं फाटकाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि बोंब ठोकली, "माझी आजी कुरुंदवाडला असते, ती आजारी नाही, ती काल फोनवर बोलली!" शिपाई धावला, मुलं गोळा झाली, तेव्हा जीप गेली. तिच्या दंडावर बोटं उठलीत. हळद लावताना ती मला विचारते, "अव्वा, ते काका माझ्यावर का रागावलेत?" काय सांगू? की तो तुझा बाप आहे, आणि ज्यानं तुझं पहिलं पाऊलसुद्धा बघितलं नाही तो तुला न्यायला आला होता?

आधी कोंडा पाठवायचा आणि मग जीप. वाघसुद्धा डरकाळी फोडून येतो म्हणतात, तेवढी तरी लाज ठेवलीस.

पोलिसांत गेलो. "घरातलं भांडण आहे, कोर्टात मिटवा," म्हणाले. बरं. आता तिला कुठं ठेवायचं ते आमचं आम्ही बघू. तुला सांगायला मी खुळी नाही. परीक्षा संपली की माझी पोरगी घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय बुडवून बसेल, मामाच्या शेतातली वांगी भाजून खाईल, आणि तुमची जीप कोल्हापूरच्या गल्ल्या हुंगत फिरेल. फिरू दे. डिझेल तुमचं.

चन्नम्मा

—

शाहूपुरी, कोल्हापूर
११ मे २०००

अनुजा,

जिंकलीस.

काल भर दुपारी कुरुंदवाडच्या घाटावरून तिला उचललं. माझी भावजय धुणं पिळत होती, शांभवी दोन पायऱ्या खाली पाण्यात पाय घालून बसली होती. दोन माणसं उतरली, एकानं भावजयीला ढकललं. जीपमध्ये पुढं बनाबाई बसल्या होत्या. "ये बाय, आज्जी हाय मी तुझी," असं हाका मारत होत्या म्हणे. माझा भाऊ महांतेश मोटरसायकलवरून नदीच्या पुलापर्यंत मागं लागला, पुढं ट्रॅक्टर आडवा आला. त्याची एक चप्पल पुलावर पडली आणि पोरीच्या दोन्ही घाटावर. तो इथं आला तेव्हा तिच्या चपला हातात धरून आला आणि मला तोंड दाखवेना.

कुरुंदवाडचं तुम्हाला कोणी सांगितलं? आम्ही दोघं, माझी आई, महांतेश आणि त्याची बायको, एवढ्या पाचजणांनाच माहीत होतं. शाळेत मी बेळगाव सांगितलं होतं. आमच्यातला कोण फितूर झाला म्हणून काल आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. मी माझ्या सख्ख्या भावाला वाटेल ते बोलले.

परवाही तुझी धोंडुबाई आली होती पुरचुंडी घेऊन. तुझा कोंडा मी तिच्या डोळ्यांदेखत गटारीत फेकला आणि तिला दुकानाची पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं. तुझी डरकाळी वेळेवर आली होती, एवढं खरं.

पोलीस म्हणतात, आई-बापानंच नेलीय, आम्ही काय करणार. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी. वकील म्हणतात, धीर धरा. त्यांच्या घरात त्यांची मुलं आहेत, त्यांना धीर परवडतो.

तेव्हा तुझ्याशीच बोलते. बोलायला आणखी कोणी ठेवलंच नाहीस. तिला अंडं, मटण देऊ नका. वास आला तरी ओकते, आणि ओकली म्हणून मारू नका. गळ्यातलं लिंग काढू नका. आंघोळीच्या वेळीसुद्धा ती ते मुठीत धरते. दूध पीत नाही, जबरदस्ती केली तर ग्लास सांडते. खोलीला बाहेरून कडी घातली तर श्वास कोंडतो तिचा. झोपताना तिला कोणाचा तरी कान धरायला लागतो. माझा धरते. तुझा धरला तर हात झटकू नकोस.

तू आई आहेस म्हणे. मग एवढं कर.

चन्नम्मा

—

२ जून २०००

अनुजा,

हे पत्र टपालानं येत नाही. धोंडुबाईच्या पेंडीच्या पोत्यात तळाशी आहे. वाचलंस की चुलीत घाल.

काल ती आली. पायरी चढली नाही, मी सांगितलं होतं ना. रस्त्यावरच उभी राहून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलली. "कोंडा गटारीत फेकलास व्हय ग? ती अनुजा मार खाऊन धाडती आनि तू फेकतीस? परत्येक बारीला तुला आदल्या दिशी सांगावा आला. दुसऱ्या दिशी काय झालं त्ये बघितलंस, आदी काय आलं त्ये बघितलं न्हाईस?"

मी म्हटलं, तिनं मग कागदावर दोन ओळी लिहून का नाही पाठवल्या? मी एवढी पत्रं लिहितेय, एकाचं उत्तर नाही.

"तुझी पत्रं तिच्या हातात कवा पडली? हंबीरराव सोप्यात बसून मोठ्यांदी वाचतोय आनि म्हातारी हसतीया. 'आजी कुरुंदवाडला, घाटावर पाय बुडवून, मामाच्या शेतातली वांगी' म्हनून तूच लिवलंस की! तिथंच दोघं उठलं जाग्यावरनं. कागूद धाडला तर घावंल. कोंडा घावला तर काय, जनावराच्या घरात कोंडाच असतोय."

भावाला फितूर म्हणाले आणि फितूर माझंच पत्र होतं. माझी जीभ पहिल्यापासून अशीच, आता ती कागदावरही चालायला लागली. महांतेशला काल फोन केला. तो म्हणाला, असू दे अक्का. मला ते "असू दे" फार लागलं.

धोंडुबाईला मी शेवटी विचारलं, अनुजा हे का करतेय? तिची पोरगी तिच्या घरी आली, तर ती खूश व्हायला पाहिजे. ती म्हणाली, "ती म्हनती, माझ्या घरात पोर जगत न्हाई. तिथं जगतंय, तिथंच ऱ्हाऊ दे."

माझा नवससायासावर विश्वास नाही, सटवीवर तर नाहीच. तुझा आहे. तुझ्या त्या विश्वासाच्या आधारानं मी माझी पोरगी परत मागतेय, हे मला कळतंय आणि तरीही मी मागतेय.

आता नीट वाच. उद्या मी टपालानं एक पत्र टाकणार आहे. त्यातला शब्द न शब्द खोटा असेल. ते दोघं भुलले तर शुक्रवारी घरात तू आणि शांभवी दोघीच राहाल. भर दुपारी, माणसं रानात असतात तेव्हा, तिला गावाबाहेर घेऊन ये. कुठं ते सांगत नाही. तुला माहीत आहे.

चन्नाक्का

—

शाहूपुरी, कोल्हापूर
३ जून २०००

सौ. अनुजा हिला चन्नम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, आम्ही थकलो. ह्यांची तब्येत ढासळली आहे, दुकानात लक्ष लागत नाही. शेवटी मूल ज्याचं त्याचंच, हे पटलं. परमेश्वरानं आमच्या नशिबात नाही घातलं ते ओढूनताणून कसं येणार? आम्ही दावा सोडायला तयार आहोत.

कोल्हापुरात चार लोकांसमोर हार मानायची ह्यांना लाज वाटते, म्हणून कागद पन्हाळ्याला करायचं ठरवलंय. तिथं कचेरीत ह्यांच्या ओळखीचे गणपतराव आहेत, त्यांनी सगळं तयार ठेवलंय. येत्या शुक्रवारी, नऊ तारखेला, दुपारी बाराला हंबीररावांना पाठव. सोबत बनाबाई पाहिजेतच. मूल त्यांच्या हातून दिलं गेलं, तेव्हा त्यांच्या अंगठ्याशिवाय कागद पुरा होत नाही, असं गणपतरावांचं म्हणणं.

एकच हात जोडून विनंती. शांभवीला तिथं आणू नका. ती मला बघून रडली तर माझी सही होणार नाही.

बनाबाईंना नमस्कार सांग. शेवटी अनुभवी माणूस तो अनुभवी माणूस. त्यांच्यापुढं आमचं काय चालणार!

तुझी,
चन्नम्मा

—

शाहूपुरी, कोल्हापूर
१८ एप्रिल २००१

चि. अनुजा हिला आशीर्वाद.

या खेपेला हात वळला. पत्र तुझ्या माहेरी पाठवतेय, तुझ्या भावाच्या नावानं. पन्हाळ्याच्या त्या बाजूला टपाल उशिरा पोचतं म्हणतात, पण तुझ्या हातात पडेल. हे पहिलंच पत्र, जे लिहिताना दुसरं कोणी वाचेल ही धास्ती नाही.

जूनमधल्या त्या शुक्रवारनंतर मी तुला एक अक्षर लिहिलं नाही. आपण दोघी एकमेकींना सामील आहोत हे कळलं असतं, तर त्यांनी तुला जिवंत ठेवलं नसतं. शांभवी तुझ्या हातून निसटून पळाली, एवढंच तू सांगितलंस. तेवढ्यावरही तुझं काय झालं ते धोंडुबाई येऊन सांगायची. मी ऐकायची आणि रात्री जेवायची. जेवण जात होतं, हेही सांगून टाकते.

त्या दिवशी मी उकिरड्याच्या मागं बाभळीखाली उभी होते, हे टेम्पो घेऊन सडकेला. तू तिला दुरूनच सोडलंस आणि पाठ फिरवून उभी राहिलीस. ती धावत आली. पायात सम्राटच्या चपला होत्या, तिला लहान, म्हणून मागचा पट्टा कापून दोरीनं बांधलेल्या. गळ्यात लिंग होतं. मी तिला उचललं. आठ वर्षांची पोरगी, माझ्या कंबरेत कळ आली. टेम्पोत बसल्यावर ती म्हणाली, "त्या मावशी मला कान धरू द्यायच्या." मग तिनं माझा कान धरला आणि झोपली.

पुढचं कोर्टातलं तुला माहीत आहे, पण तू मान वर करत नव्हतीस, तेव्हा अर्धं तुला दिसलंच नसेल.

कोर्टानं निकाल लागेपर्यंत पोरगी आमच्याकडं ठेवली होती, पण खरी टांगती तलवार तुझी साक्ष होती. तुला त्यांनीच साक्षीदार केलेलं. जन्मदात्री उभी राहून म्हणाली, मी दिली नव्हती, सासूनं रीत केली होती, की आमच्या वकिलांचे हात टेकले. साक्षीच्या आदल्या दिवशी धोंडुबाई रिकाम्या पदरानं आली. मी विचारलं, कोंडा नाही दिला? "न्हाई. दोन दिस झालं, कुनाशी बोलत बी न्हाई. चुलीम्होरं बसून असती." मी काय धरायचं ते धरलं. तू फिरलीस. आणि का फिरू नयेस? मीही फिरले असते. तीन पोरं पुरून बसलेली बाई, जिवंत असलेलं एक का म्हणून सोडेल?

मी शांभवीचे दोन फ्रॉक पिशवीत भरले आणि ह्यांना म्हटलं, बेळगावला मावशीकडं निघते, तिथून पुढं बघू. हे कधी माझ्या शब्दाबाहेर नाहीत. त्या दिवशी दारात आडवे उभे राहिले. "पळालो तर आपणच चोर ठरू. मग तिला आयुष्यभर चोरासारखं लपवायचं?" मी त्यांना भित्रा म्हटलं. ते हलले नाहीत.

मग ते मडकं. त्यांच्या वकिलानं ते टेबलावर असं ठेवलं की जणू त्यात गंगाजल आहे. तोंडावरच्या फडक्याची गाठ बनाबाईंच्या हातची. "साहेब, मूल कायमचं दिलं असतं तर हा कोंडा इतकी वर्षं जपून का ठेवला असता? परत करून मूल सोडवायचं होतं म्हणून." बोलणं बिनतोड होतं. मीच तर सगळीकडं सांगत आले होते की रीत अशी आहे. आमच्या वकिलांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

फडकं सोडलं. शिरस्तेदारांनी मडकं कलंडलं, आणि कागदावर राख पडली. चुलीतली राख, तीत एक अर्धं जळकं शेणीचं टवकं. बनाबाईंचा जबडा तसाच उघडा राहिला. हंबीरराव जागेवरून ओरडले, त्यांना पोलिसानं खाली बसवलं. जज्जसाहेबांनी तुला विचारलं, यात कोंडा होता का?

"हुता."

"मग कुठं गेला?"

"थोडा मूठमूठ चन्नाक्काला धाडला. उरल्याला आज सकाळी आंबोनात कालवून म्हशीला घातला."

त्यांचा वकील तुझ्यावर धावून आला. "बाई, त्याचा अर्थ काय होतो, कळतंय का तुम्हाला?"

"मलाच कळतंय, सायब. तुमाला न्हाई कळत. आट वरसं मी त्यो कोंडा राखला. रोज मडक्याला हात लावून बघायची. आज घातला. म्हशीनं खाल्ला, पोरगी दिली."

मग तू आणखी एक वाक्य बोललीस, ते कोणी लिहून घेतलं नाही, कारण ते हळू होतं. मी पहिल्या बाकावर होते म्हणून ऐकलं. "माझ्यापाशी नव्हती म्हनून जगली."

मडकं रिकामं झालं असतं तरी तुझं काम झालं असतं. राख कशाला भरलीस? मी नंतर पुष्कळ विचार केला. वजन लागायला, असं हे म्हणतात. मला नाही तसं वाटत.

निकाल काल लागला. जज्जसाहेब शिकलेले आहेत, त्यांनी कोंड्यावर निकाल दिला नाही. बारसं, शाळेतलं नाव, स्वामींची साक्ष, हंबीररावांचं पंगतीला हजर असणं आणि तुझं "दिली" एवढं धरून त्यांनी शांभवी आमची ठरवली. आमचे वकील पेढे मागत होते. लढाई जिंकल्यावर माणूस नाचतो म्हणतात, मला घरी जाऊन भांडी घासावीशी वाटली. साक्षीच्या दिवशीच हंबीररावांनी तुला नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढलं, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी कोर्टातून तू एस.टी. स्टँडकडं चालत गेलीस तेव्हा मी हाक मारू शकले असते. मारली नाही. मला भीती वाटली की तू वळशील, पोरीला बघशील आणि तुझं मन बदलेल. तू वळली नाहीस. सासूची ताकीद तू फार पाळतेस.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते.

हंबीररावांनी गेल्या बाजारात तुमची म्हैस विकायला आणली. ती घरात नको झाली होती म्हणे, बनाबाई तिच्या दाव्याला हात लावेनात. हे तिथं सरकीच्या कामाला गेले होते. संध्याकाळी आले ते म्हशीचं दावं हातात धरून, मला न विचारता. आमच्या परसात जागा नाही, शेजारीण नाक मुरडते, आणि कोंडा विकणाऱ्या माणसानं म्हैस पाळावी म्हणजे हलवायानं मिठाई खात बसावं तसं. मी खूप तोंड सोडलं. हे फक्त एवढंच म्हणाले, "तिच्या पोटात आपला कागद आहे."

मला ती दारात नको होती. रोज सकाळी आंबोण घेऊन गेले की ती मान वर करून बघते आणि मला साक्षीच्या पिंजऱ्यातली तू दिसतेस. पण शांभवी तिला सोडत नाही. शिंगांना माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधते, पाठीवर बसून पाढे म्हणते. आणि ज्या पोरीनं आजवर दुधाचा ग्लास कायम सांडला, ती आता हे धार काढत असतात तेव्हा शेजारी वाटी धरून बसते आणि तिथंच पिते. कोमट, न तापवलेलं. ओठांवर पांढरी मिशी येते, ती पुसायचीही शुद्ध नसते. तुला तेव्हा दूध आलं नव्हतं, अनुजा. नऊ वर्षांनी आलं.

मी तुला बहीण म्हणणार नाही. तू तिची आई आहेस असं तिला आज सांगणार नाही. मोठी होईल तेव्हा सांगेन, आणि तेव्हाही मला ते कडूच जाईल. माझ्या मनाचा तेवढा मोठेपणा नाही, उगाच मोठेपणा मिरवायला मला येत नाही. पण माझ्या परसात तुझी म्हैस बांधलीय आणि तिला माझ्या हातची धार अजून लागत नाही, लाथ मारते. ती कोणाच्या हाताला सवकलीय ते मला माहीत आहे.

ये. पोरगी मला अव्वा म्हणते, तेवढं ऐकायची तयारी करून ये.

चन्नाक्का